गुडघे सोडायला नागपूरला

माझ्या आत्याचे गुडघे नागपूरला नेऊन सोडायचे, एवढ्या एकाच कामासाठी आम्ही दोघी साताऱ्याहून निघालो. बाकी जे पाहिलं, खाल्लं आणि पोट दुखेपर्यंत हसलो, ते सगळं वरकड समजा. लोक गंगेत पाप सोडतात, काशीला आवडती भाजी सोडून येतात. आत्याला गुडघे सोडायचे होते, तेही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या पिवळ्या मारबतीच्या हवाली करून.

ज्यांनी मारबत पाहिली नाही, म्हणजे नागपूरकर सोडून आपण सगळे, त्यांच्यासाठी सांगते. मारबत म्हणजे बांबू, कागद आणि कापडाची प्रचंड पुतळी, माडीच्या खिडकीशी डोळा भिडवणारी. एक काळी असते, एक पिवळी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांची मिरवणूक निघते, आणि दोन्ही बाजूंनी लोक ओरडतात, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" खोकला, ताप, डास, महागाई, ज्याला जे नकोसं असेल ते त्यानं तिच्यावर टाकावं. ती सगळं घेऊन जाते आणि शेवटी तिला जाळून टाकतात. तिच्याबरोबर बडगेही असतात. बडग्या म्हणजे तिचा पुरुष भाईबंद. दरवर्षी लोकांचा ज्याच्यावर राग असेल त्याचा बडग्या करतात. कधी तो पुढारी असतो, कधी साठेबाज व्यापारी.

आत्याला हे सगळं ठाऊक होतं, कारण तिचे यजमान नागपूरच्या सचिवालयात कारकून होते, नागपूर राजधानी होतं तेव्हा. "आमच्या राजधानीत" असं ती अजूनही म्हणते. पुढे राजधानी गेली, फायलींबरोबर माणसंही मुंबईला गेली, त्यात ही दोघंही. यजमान गेल्यावर ती आमच्याकडे, म्हणजे धाकट्या भावाकडे साताऱ्याला आली. मग गुडघे गेले. घरातल्या घरात काठी, अंगणापर्यंत माझा खांदा आणि त्यापुढे काही नाही, अशी तिची हद्द ठरली. डॉक्टर म्हणाले, झीज आहे. आत्या म्हणाली, "डॉक्टरांना दुखण्याचं नाव सांगता येतं. ते न्यायचं कसं, ते मारबतीला माहीत."

"अगं, जे गुडघे न्हाणीपर्यंत जात नाहीत ते नागपूरला कसे जाणार?" बाबांनी विचारलं.

"आगगाडीनं," आत्या म्हणाली.

सोबतीला मी. मी शाळेत शिकवते, रजा शिल्लक होती, आणि साताऱ्याबाहेर जायला मला त्या दिवसांत कुठलंही कारण चाललं असतं. मी पस्तिशीची, बिनलग्नाची. यात माझी स्वतःची काही अडचण नाही, अडचण आहे ती आमच्या आळीची. हळदीकुंकवाला गेले की बायका आवाज खाली आणून विचारतात, "यंदा काही जमतंय का गं?" आणि मी दाराबाहेर पडायच्या आत सुस्कारा सोडतात. मी हसून उत्तर देते आणि घरी येऊन भांडी जरा जोरात घासते.

महालात

नागपूरला आम्ही उतरलो ते आत्याच्या जुन्या घरमालकांकडे, महाल नावाच्या जुन्या वस्तीत. तेव्हाची मालकांची सून म्हणजे सुशीलाकाकू, आता स्वतःच घराच्या मालकीण. मागच्या खोल्यांत अजून माग चालू होते, त्यांच्या खटखटाटात दोघी मैत्रिणी गळ्यात पडून रडल्या आणि रडता रडताच एकमेकींच्या वजनावर बोलायला लागल्या.

"किती वाळली वं इंदू तू!"

"आणि तू माझ्या वाटणीचंही खाल्लेलं दिसतंय!"

सुशीलाकाकूंनी मला नीट न्याहाळलं. "अन् तू काहून लग्न नाही केलं वं पोरी?"

मी चपापले. साताऱ्यात हा प्रश्न असा भर उजेडात, मागाच्या आवाजावर मात करून कुणी विचारत नाही. मी म्हटलं, "जमलं नाही, काकू."

"कोणाले? तुले का त्याइले?"

"मला."

"मंग ठीक आहे. पाटोडी घे अजून," त्या म्हणाल्या आणि आपल्याकडच्या पाटवडीसारख्या त्या वड्यांवर रस्सा ओतून मोकळ्या झाल्या. एका प्रश्नात आणि एका पाटोडीत विषय संपला. मला हे गाव तिथेच आवडलं. रस्सा मात्र इतका तिखट होता की डोळ्यांतून पाणी आलं, आणि काकूंना वाटलं मी लग्नासाठीच रडते आहे, म्हणून त्यांनी आणखी एक पाटोडी वाढली.

शहर, रिक्षातून

मारबतीला अवकाश होता, तोवर शहर पाहायचं ठरलं. काकूंच्या मुलानं, मनोहरभाऊंनी, ओळखीची सायकलरिक्षा बोलावली. दौलत नावाचा मिशाळ, हसरा गडी होता. आत्याला रिक्षात चढवणं हा पहिला कार्यक्रम. मी मागून ढकलत होते, दौलत पुढून ओढत होता, आणि आत्या मधूनच "अरे, मी काय कपाट आहे?" असं ओरडत होती. शेवटी तिनंच युक्ती काढली. रिक्षा ओट्याला चिकटून लावायची आणि तिनं ओट्यावरून बसल्या बसल्या सरकायचं. त्यानंतर आम्ही नागपुरात जिथे गेलो तिथे प्रेक्षणीय स्थळाच्या आधी ओटा शोधला.

आत्याची स्थळं पाहण्याची रीत वेगळी होती. सीताबर्डीचा किल्ला टेकडीवर, शिवाय एरवी आत सोडत नाहीत. आत्यानं खालूनच मान वर केली. "जिथं होता तिथंच आहे. पाहिला. चला." मैलाच्या दगडापाशी, जिथून म्हणे सगळ्या हिंदुस्थानाची अंतरं मोजायचे, तिथे उतरायला ओटाच नव्हता. आत्यानं दौलतला रिक्षासकट प्रदक्षिणा घालायला लावली. तिथल्या दगडी घोड्यांच्या भोवती आम्ही गरगर फिरलो. दुसऱ्या फेरीला आत्यानं हात जोडले, तिसऱ्या फेरीला मला घेरी आली.

महाराजबागेत ती फाटकाजवळच्या बाकावर बसली आणि प्राणी पाहायला तिनं मला पाठवलं.

"जा, वाघ काय करतोय बघून ये."

मी पदर खोचून गेले, परत आले. "झोपलाय."

"दुखत असेल बिचाऱ्याचं. अस्वल बघून ये."

अस्वल कान खाजवत होतं. माकडं भांडत होती. मोराला पिसारा फुलवायची इच्छा नव्हती, हे ऐकून आत्या म्हणाली, "त्याला माझं नाव सांग." मी खरंच परत गेले आणि मोराला आत्याचं नाव सांगितलं. शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी आपली दोन मुलं हळूच पलीकडे सरकवली. मोर ढिम्म. मी येऊन खोटंच सांगितलं की फुलवला, तेव्हा आत्या बाकावर इतकी खूश होऊन बसली की मला पुढे कबूल करवेना. आता इथे वाचेल तेव्हा वाचेल.

खाण्याच्या बाबतीत मात्र तिचे पाय कधी आड आले नाहीत. नाक्यावर पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री ओतून देतात. माझ्या पहिल्याच घासाला कानांतून वाफा निघाल्या. आत्यानं रिक्षात बसूनच दोन बशा संपवल्या आणि वर रस्सा मागितला. संत्र्यांच्या गावात संत्रं मात्र दिसलं नाही, त्याचा हंगाम पुढे. ते आम्हाला भेटलं बर्फीच्या रूपात, आणि मुक्काम संपेपर्यंत रोज भेटत राहिलं.

हे सगळं चालू असताना आत्याची खरी तयारी वेगळीच होती. मारबतीला काय सांगायचं, याचे शब्द ती घोळवत होती. तिचा असा पक्का विश्वास, आणि तो तिला सुशीलाकाकूंच्या सासूनं दिलेला, की एका माणसानं एका वर्षी एकच गोष्ट मारबतीवर टाकायची. दहा टाकल्या तर ती कंटाळते आणि सगळ्याच वाटेत सांडून जाते.

"गुडघे घेऊन जा, असं नको म्हणायला," ती रिक्षात म्हणाली. "ती खरोखर गुडघे नेईल आणि दुखणं ठेवून जाईल."

"मंग असं म्हना आजी," दौलत पॅडल मारता मारता म्हणाला, "का गुडघ्याची पिडा घेऊन जा."

"कुठल्या गुडघ्याची? दोन आहेत."

"दोनी म्हना."

"एकच गोष्ट सांगायची असते रे बाबा!"

यावर सीताबर्डीपासून महालापर्यंत खल झाला. शेवटी 'माझ्या गुडघ्यांचं दुखणं' हे शब्द ठरले, कारण दुखणं एकच, गुडघे फक्त त्याचा पत्ता. आत्या ते रोज म्हणून पाहायची. मी मारबत मानणारी नव्हे. पण एका संध्याकाळी ओट्यावरून आत जाताना तिचा पाय अडला. एका हातानं चौकट धरून ती घाम पुसत उभी राहिली आणि म्हणाली, "बस, आता थोडेच दिवस." ती सगळ्या आळीला सांगून आली होती. गुडघे तसेच घेऊन परतलो तर हिचं काय होणार, या काळजीनं मला नंतर बर्फीसुद्धा नीट गेली नाही. म्हणजे गेली, पण काळजी करत गेली.

मारबत

पोळा झाला. सजलेले बैल आत्यानं ओट्यावरून पाहिले, तुपात पोहणाऱ्या पुरणपोळ्या आम्ही खाल्ल्या, आणि दुसरा दिवस उजाडला. गल्लीत पोरं चाकांचे लाकडी बैल ओढत फिरत होती. मनोहरभाऊ डोकं खाजवत आले.

"आत्याबाई, आज रिक्षा नाही जाऊ देत. पाय ठेवाले जागा नाही राहत. भाजीवाल्याचा ठेला आणला आहे. त्याच्यावर खुर्ची बांधतो, राणीसारख्या जा."

ठेल्यावर खुर्ची सुतळीनं आवळून बांधली. भाजीचा चिखल लागू नये म्हणून काकूंनी खाली बैलाची कालचीच झूल पसरली, आरसे लावलेली, गोंडेवाली. ऊन फार म्हणून खुर्चीच्या पाठीला छत्री बांधली. आणि त्या सिंहासनावर आत्या विराजमान झाली. पिवळ्या मारबतीसाठी मुद्दाम नेसलेलं पिवळंधमक पातळ, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा मोठा काळा चष्मा, दोन्ही हात काठीवर, आणि पडायच्या भीतीनं ओठ घट्ट मिटून ताठ बसलेली. दौलत ढकलायला, मी एका बाजूनं, मनोहरभाऊ दुसऱ्या. काकू ओट्यावरून म्हणाल्या, "चांगली दिसून राहिली वं इंदू!" पुढे जे झालं ते त्या दिसण्यामुळेच.

मोठ्या रस्त्याला लागताच ढोलांचा आवाज अंगावर आला. गर्दी तर अशी की उडी मारली असती तर खाली यायला जागा नव्हती. पण नवल म्हणजे लोक आम्हाला वाट देत होते. मी म्हटलं, किती भली माणसं! मग बोलणं कानावर पडलं.

"हा कोणता बडग्या आहे गा?"

"चष्मा पाह्य नं. पुढारी असन."

"नाही बे, लुगडं नेसलं आहे. महागाई असन ते."

"बनवली कशी हुबेहूब बावा! सुरकुत्या पाह्य!"

मी ओरडले, "अहो, माझी आत्या आहे!" पण ढोलापुढे माझं कोण ऐकतो! बिल्ला लावलेले दोन कार्यकर्ते धावत आले, "बडग्या येऊ द्या, बडग्या येऊ द्या!" म्हणत त्यांनी ठेल्याला हात घातला आणि आम्हाला थेट मिरवणुकीत नेऊन उभं केलं. पुढे रॉकेलचा रिकामा डबा गळ्यात बांधलेला बडग्या, मागे लांब हातांचा वशिल्याचा बडग्या, मधे आमची आत्या. दौलतचं हसू आवरेना, त्यामुळे ठेला वेडावाकडा चालू लागला. आत्या आणखी ताठ झाली, त्यामुळे आणखीच पुतळी दिसू लागली. लोक तिच्याकडे बोटं करून ओरडत होते, "घेऊन जा गे, तेलाचे भाव घेऊन जा!"

एका बाईनं कडेवरचं पोर उचलून तिच्यापुढे धरलं. "याचा खोकला ने गं माय."

आत्याचे ओठ पहिल्यांदा हलले. "नेते हो, नेते," ती गंभीरपणे म्हणाली.

बाई किंचाळली, पोर मात्र खिदळलं. तेवढ्यात बाजूचा एक पोरगेला तरुण मित्राला म्हणाला, "चीज तर मस्त बनवली आहे, पण हिले जाळणार कुठी?"

आत्यानं चष्मा काढला. "जाळतोस काय मेल्या! मी साताऱ्याहून आले आहे!"

ढोलवाल्याचा हात हवेतच राहिला. कुणीतरी ओरडलं, "अरे, जिती आहे बे!" आणि अख्खा रस्ता हसत सुटला. माणसं एकमेकांच्या खांद्यावर डोकी टेकून हसत होती, ओट्यांवरच्या बायका पदर तोंडात कोंबत होत्या, वशिल्याच्या बडग्याचे हात त्याला धरणाऱ्यांच्या हसण्यानं गदगदा हलत होते. तो तरुण आत्याच्या पायाच पडला. ती म्हणाली, "हळू, गुडघ्यांना लागेल," आणि स्वतःच हसायला लागली. मी तिला इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. माझ्या बरगड्या दुखू लागल्या.

कार्यकर्त्यानं हात जोडले. "माफ करजा आजी. आता आल्याच तर समोरूनच पाहा." त्यांनी ठेला चौकाच्या कडेला लावून दिला. आणि पिवळी मारबत आली.

आधी माडीवरच्या बायकांच्या डोक्यांवरून तिचं तोंड दिसलं. मोठे डोळे, हळदीसारखा पिवळा रंग, दागिने. ती डुलत डुलत आमच्याकडेच येत होती. माझ्या अंगावर काटा आला, मानणारी नसूनही. कार्यकर्ता हात वर करून ओरडला, "थांबवा, थांबवा! साताऱ्याची आजी आहे. बोला आजी, काय न्यायचं?"

मारबत थांबली, चक्क आत्यासाठी. आत्यानं माझा खांदा धरला आणि ती उभी राहिली. ठेल्यावर, सरळ! मी ओरडले, "आत्या, बस खाली!" दौलतनं ठेला छातीनं दाबून धरला. घोटून घोटून पाठ केलेले ते शब्द आता येणार म्हणून तोही तोंड उघडून वाट पाहत होता. आत्यानं श्वास घेतला.

"माझ्या भाचीमागची लोकांची बोलणी घेऊन जा गे मारबत!"

आणि त्या चौकातल्या माणसांनी, ज्यांना माझं नाव माहीत नव्हतं, आमची आळी माहीत नव्हती, एका आवाजात म्हटलं, "घेऊन जा गे मारबत!"

मला वाटत होतं, ते कुणाला दिसत नाही. जोरात घासलेली भांडी कुणी ऐकत नाही. मी रडले हो, भर चौकात, ढसाढसा, आणि त्याच वेळी हसतही होते, कारण दौलत तोंडात मारून घेत होता, "आजी, गुडघे! गुडघे राहिले!"

मारबत हलली होती. मी आत्याकडे पाहिलं. "हे काय केलंस? गुडघ्यांचं सांगायचं होतं ना?"

"एकच सांगायचं असतं," आत्या म्हणाली आणि खुर्चीत बसली.

मग मला काय झालं सांगता येत नाही. मी पदर खोचला आणि धावले. साताऱ्यात मी मधल्या सुट्टीतसुद्धा धावत नाही. इथे कोपरं मारत, चपला सावरत, एक चप्पल गमावत मी मारबतीच्या मागे पळत सुटले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "आत्याच्या गुडघ्यांचं दुखणं घेऊन जा गे मारबत! गुडघ्यांचं दुखणं! गुडघे!" ती वळणावर होती, तिची पिवळी पाठ डुलत होती. ढोल पुन्हा सुरू झाले होते. एक आजोबा ओट्यावरून दुसऱ्याला म्हणाले, "गुडघे दुखते म्हणते अन् पळून कशी राहिली पाह्य!"

मी लंगडत, एका चपलेनं परत आले. आत्या छत्रीखाली बसून वाट पाहत होती.

"ऐकलं का तिनं?"

"पाठ होती तिची."

"पाठीमागून बोललेलं सगळ्यांनाच ऐकू जातं," आत्या म्हणाली, आणि मग आम्हा दोघींना जे हसू फुटलं ते घरी पोचेपर्यंत, सुशीलाकाकूंना सगळं सांगून होईपर्यंत थांबलं नाही.

गुडघ्यांचं खरं सांगते, कारण वाचणारा तेच विचारणार. ते तसेच आहेत. अंगणापर्यंत माझा खांदा अजून लागतो. साताऱ्याला बाबा घ्यायला आले होते. आत्याला डब्यातून उतरवायला ओटा नव्हता, म्हणून आम्ही दोघांनी तिला अलगद खाली घेतलं. तिचा पाय नेहमीसारखाच अडखळला. बाबांचं तोंड उतरलं.

"काय गं ताई, नाही नेले का तिनं गुडघे?"

"नाही रे," आत्या माझ्या खांद्यावर सगळा भार टाकत म्हणाली. "रांगेत आधी हिचा नंबर होता."